अमावस्येची बैठक

आमच्या पक्षात भांडण कशावरून होत नाही ते विचारा, म्हणजे उत्तर लवकर मिळेल. बॅनरवर कोणाचा फोटो अंगठ्याएवढा आणि कोणाचा ताटाएवढा, भाषण कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, वर्धापनदिनाचा झेंडा पेणच्या कार्यालयासमोर चढवायचा की रोह्याच्या, सगळ्यावरून होतं. झेंडा शेवटी दोन्हीकडे चढतो. पेणपासून रोह्यापर्यंत मतदारसंघ एक, पक्ष एक, चिन्ह एक, आणि व्हॉट्सअॅपचे ग्रुप दोन. दोन्ही ग्रुपचं नाव तेच. त्यामुळे पेणवाल्यांनी आपसात दिलेली शिवी कधीकधी चुकून रोहेकरांच्या ग्रुपवर जाऊन पडते आणि मग आठवडाभर आम्हाला करमणूक पुरते.

पेणच्या गटाचे म्होरके ते साहेब आणि रोह्याच्या गटाचे ते शेठ. दोघांची नावं इथे लिहीत नाही. दोघंही हयात आहेत, दोघंही मला दर आठवड्याला भेटतात, आणि दोघांना वाचायचा कंटाळा असला तरी वाचून दाखवणारी माणसं त्यांच्याभोवती भरपूर आहेत.

मी दोघांच्या मधली. माझं माहेर रोह्याकडचं, डोंगराच्या पायथ्याचं, भाताच्या मागे वाल करणारं गाव. सासर पेणच्या खारेपाटातलं. खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. एका बाजूला खाडी, एका बाजूला भात, काही घरांची मिठागरं, आणि मध्ये मातीचा बांध. तो आहे तोवर आम्ही आहोत. लग्न होऊन आले तेव्हा मला पोहायलासुद्धा येत नव्हतं. पक्षात आले तेव्हा पेणवाले म्हणायला लागले की ही रोह्याची लेक, शेठच्या कानाला लागणार. रोहेकर म्हणायचे की ही पेणची सून, साहेबांची हेर. माझ्यावर विश्वास कोणाचा नव्हता, पण काम सांगताना दोघांनाही माझा नंबर तोंडपाठ होता.

एकोणीस वर्षं मी हे काम केलं. मतदार याद्या घेऊन उन्हातान्हात फिरले. मेलेल्यांची नावं कमी करायची, सुनांची घालायची. साहेबांच्या सभेला बायका आणायच्या, शेठच्या सभेलाही त्याच बायका आणायच्या, आणि साड्या वेगळ्या नेसायला सांगायच्या म्हणजे फोटोत ओळखू येत नाही. हे मी स्वतः केलंय, खोटं कशाला बोलू. चहा ओतला, खुर्च्या उचलल्या, नेत्यांच्या बायकांची मंगळागौर साजरी केली. आणि दर निवडणुकीला तिकीट जाहीर व्हायच्या दिवशी घरी येऊन भांडी जरा जोरात घासली.

आमच्या गावातसुद्धा पक्षाचे दोन तुकडे होतेच. आमचं घर साहेबांचं. चुलतसासरे, ज्यांना सगळं गाव काका म्हणतं, ते शेठचे. काका गावकीचे म्होरके, बांधाचा शब्द त्यांचा. सात वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या उमेदवारीवरून त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं बिनसलं, तेव्हापासून दोन घरांत चहासुद्धा बंद. एकाच अंगणात दोन हळदीकुंकवं व्हायची. समोरासमोर आलो की काका आभाळाकडे बघायचे. मीही काही कमी नव्हते, मी जमिनीकडे बघायची. मतदारसंघ समितीवर आमच्या खारेपाटातले नऊ जण होते, त्यांतले पाच शेठचे आणि मला धरून चार साहेबांचे. बैठक असली की साहेबांची जीप चौघांना न्यायला येई आणि शेठची पाचांना. एकाच रस्त्याने, एकामागून एक, एकमेकांच्या तोंडावर धूळ उडवत जायचो.

मग एक दिवस जिल्हा परिषदेची आमची जागा महिलांसाठी राखीव झाली.

मी साहेबांकडे गेले आणि सरळ सांगितलं की या वेळी तिकीट मला हवं. आडून आडून बोलायला मला जमत नाही. साहेब गोड हसले. ताई, तुमच्याशिवाय आहेच कोण, म्हणाले. राजकारणात असं कोणी म्हणालं की समजावं, दुसरं कोणीतरी ठरलंय. ठरली होती त्यांची सून. पेणला दाताचा दवाखाना चालवते, हुशार आहे, वागायलाही चांगली. सासऱ्यांनी वर्षापूर्वी तिला समितीवर घातली होती, पण ती एकाही बैठकीला आली नव्हती. आमच्या गावात ती एकदाच आली होती, खाडीचा जिताडा मासा खायला.

आता गंमत बघा. वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकांच्या लग्नाला आहेर पाठवून जेवायचं टाळलं, ते साहेब आणि शेठ या एका जागेपायी एक झाले. ही जागा साहेबांच्या सुनेला, बदल्यात मतदारसंघाचं अध्यक्षपद शेठना. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना हे कळलं तेव्हा दोन्हीकडे सुतक पसरलं. पेणचे कट्टर म्हणाले, शेठच्या हाताखाली काम करण्यापेक्षा घरी बसू. रोह्याचे कट्टर म्हणाले, साहेबांच्या सुनेचा प्रचार करण्यापेक्षा शेतात वाल पेरू. नेते भांडले तर कार्यकर्ते भांडतात, आणि नेते एक झाले तर कार्यकर्ते रुसतात, हा आमच्या पक्षाचा अलिखित नियम आहे.

पण मुंबईच्या वरिष्ठांनी एक खोडा घातला होता. उमेदवार समितीच्या बैठकीत, हजर असलेल्यांत ज्याला जास्त मतं त्याप्रमाणे ठरवायचा, आणि निरीक्षक म्हणून मुंबईचा माणूस बसणार. बैठक कुठे घ्यायची यावर पंधरा दिवस गेले. साहेब रोह्याला जाईनात, शेठ पेणला येईनात. शेवटी मधलं कासू ठरलं, तिथला लग्नाचा हॉल. जेवणात मटण की शाकाहारी यावर आणखी दोन दिवस. मग तारीख आणि वेळ ग्रुपवर आली, दोन्ही ग्रुपवर एकाच वेळी. दुपारी बारा वाजता.

त्या आठवड्यात माझी दाढ दुखत होती. पेणला जाऊन दाखवली ती साहेबांच्या सुनेलाच, कारण राजकारण वेगळं आणि दाढ वेगळी. माझं तोंड उघडं, तोंडात तिची हत्यारं, आणि ती बिचारी साध्या मनाने बोलत होती. म्हणाली, काकू, मला यात पडायचंच नाहीये, पण घरात कोण ऐकतं. आणि मग म्हणाली, तुम्ही येणार नाही ना बैठकीला? त्या दिवशी अमावस्या आहे, तुमच्याकडे उधाण असतं म्हणे, बाबा आणि शेठकाका फोनवर हसत होते की खारेपाटवाल्यांना बांध सोडता यायचा नाही.

मला ओरडायचं होतं. तोंडात कापूस होता. नुसता घशातून आवाज निघाला आणि तिला वाटलं दुखतंय, म्हणून तिने आणखी एक इंजेक्शन दिलं.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. कार्तिकातली अमावस्या, काळा गोल. गाल सुन्न असतानाच साहेबांना फोन लावला आणि दिवस बदला म्हटलं. ते गंभीर आवाजात म्हणाले की ताई, आपला पक्ष पुरोगामी आहे, अमावस्या-पौर्णिमा असल्या अंधश्रद्धा आपण पाळत नाही. एकोणीस वर्षांत मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. मी फोन ठेवला आणि रडले. दुःखाने नाही, रागाने. ते रडणं वेगळं असतं, त्याने डोकं दुखतं.

राग एवढ्यासाठी की त्यांचा हिशोब निम्मा तरी खरा होता. अमावस्येला खाडी फुगते. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी. बांधाला कुठे खेकड्याचं बीळ असलं, कुठे माती भुसभुशीत झाली असली की पाणी तिथून वाट काढतं आणि बांध फुटतो. त्याला आम्ही खांड जाणं म्हणतो. खांड गेली की गावकीचा नियम एकच, घरटी एक माणूस बांधावर. त्यात श्रीमंत-गरीब नाही, बाई-पुरुष नाही. माझा नवरा डोलवीला कंपनीत. त्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट होती आणि बदलून मिळत नव्हती. म्हणजे खांड गेली तर आमच्या घरातून मलाच जावं लागणार. आणि समजा नाही गेली, तरी मी एकटी जाऊन काय करणार? उरलेल्या आठांपैकी पाच तर शेठचे. त्या पाचांत काका.

आठ दिवस मी देवाला सांगत होते की बांधाकडे बघ. देवाने ऐकलं नाही. त्याचे आता आभारच मानते, पण तेव्हा नाही मानले.

अमावस्येच्या पहाटे नवरा मोटारसायकल काढत होता तेवढ्यात हाळी आली. उत्तरेच्या अंगाला खांड गेली होती, बैलगाडी जाईल एवढी. खारं पाणी कापलेल्या भाताच्या उडव्यांपर्यंत, रचून ठेवलेल्या भाऱ्यांपर्यंत, पोचलं होतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. बोलले असते तर वाईटच बोलले असते. पदर खोचला, घमेलं उचललं आणि निघाले. बैठकीसाठी काढून ठेवलेली निळी साडी खुंटीवर राहिली.

बांधावर आम्ही जवळजवळ सगळं गाव. ओहोटी लागून पाणी बाहेर खेचलं जात होतं. हीच वेळ असते. पाणी उतरलं की माती टाकायची, ते पुन्हा चढायच्या आत तोंड बुजवायचं. पुरुषांनी बांबूच्या मेढी ठोकल्या, पेंढा आणि गोण्या लावल्या, आणि बाकीच्यांनी रांग धरली. खाजणातून, म्हणजे बांधाबाहेरच्या दलदलीतून, चिखलाचे गोळे काढायचे आणि हातोहात पुढे द्यायचे. रांगेत कोणाच्या शेजारी कोण हे कोणी ठरवत नाही, जो जिथे पोचला तो तिथे. माझ्या हातात गोळा देणारी बाई शेठच्या गटाची, तिने माझ्याविरुद्ध ग्रामसभेत तक्रार केली होती. आणि मी गोळा देत होते तो काकांच्या हातात.

पहिला तासभर ते आभाळाकडेही बघू शकले नाहीत आणि मी जमिनीकडेही. गोळा देताना हातांकडे बघावंच लागतं. वय सत्तरीच्या पुढचं, पण हात एकदाही चुकला नाही. मध्येच माझा पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत आत गेले. त्यांनी दंडाला धरून वर ओढलं आणि लगेच पुढच्या गोळ्यासाठी हात पुढे केला. सात वर्षांत पहिला स्पर्श.

नऊच्या सुमाराला खांडीचं तोंड बंद झालं. वरचा थर कच्चा होता, तो संध्याकाळच्या ओहोटीला चढवायचा. खाडी पुन्हा चढायला लागली होती आणि आम्ही सगळे बांधावर बसून नव्या मातीकडे बघत होतो. थकव्याने मान उभी राहत नव्हती. मी मनातल्या मनात कासूच्या हॉलमधल्या खुर्च्या मांडत होते. आता सतरंज्या घालत असतील. आता मटण शिजत असेल. तेवढ्यात काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली आणि पाणी खाडीत आत यायला तासभर धरला की भरतीची वेळ निघते, लहान मुलालाही येतं ते, पण रागाच्या आठ दिवसांत मला सुचलं नव्हतं.

"बारा-साडेबाराला पुरी भरती," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, सगळ्यांना. "तवर हितं काय काम नाय. बांध राखायला चार मानसं बास झाली. माती टाकायची ती ओहोटीला. भरतीला कोन माती टाकतो?"

कोणीतरी म्हणालं, नाय टाकत.

"मग रोह्याच्या न् पेणच्या शहाण्यांना ह्ये कोनी सांगितलं की भरतीला आपन बांधावर असतो?"

मला अजून काकांचा तो चेहरा आठवतो. राग कमी होता आणि अपमान जास्त. साहेबांच्या सुनेला हे पाच जण मत देतील याचा भरवसा नाही म्हणून त्यांच्याच शेठने त्यांना बाजूला ठेवायला ही तारीख निवडली, हे त्यांच्याही कानावर आलं होतं. म्हणजे फसवणूक फक्त माझी झाली नव्हती. आणि वर फसवणूक करणाऱ्याला भरती-ओहोटीसुद्धा कळत नव्हती. दोघं हुशार नेते, आयुष्यभर खाडीची मतं घेतली, आणि त्यांना वाटत होतं की समुद्र चढला की आम्ही बांधाला पाठ लावून उभे राहतो. पाणी चढलेलं असताना आम्ही घरी भाकरी खातो, हे त्यांनी एकदा जरी कोणाला विचारलं असतं तरी बैठक सकाळी सातला ठेवली असती आणि मी संपले असते.

काका उठले. चिखल अंगावर वाळायला लागला होता. मग ते माझ्याकडे वळले.

"काय गो, बसलीस काय? टेम्पो काडायला सांग."

मी म्हटलं, काका, तुम्ही शेठचे.

"शेठचा हाय नि बांधाचा नाय काय?" ते म्हणाले. "चल."

जीपा आल्या नव्हत्या. कशाला येतील? आम्ही येणारच नाही म्हणून कोणी गाडी पाठवली नव्हती. पाठवल्या असत्या तर चौघं एका जीपमध्ये बसलो असतो आणि पाच दुसऱ्या. साहेब आणि शेठनी रस्ताभर फोन करून आपापल्या माणसांना गोंजारलं असतं, आणि कासू येईपर्यंत पुन्हा दोन गट झाले असते. त्याऐवजी मिठाच्या गोणी वाहायचा एक टेम्पो होता, आणि त्यात मागे नऊ जण. पाण्याच्या दोन डब्यांनी तोंडं धुतली, तेवढीच. साडी बदलायला घरी गेले असते तर वेळ मिळाला नसता असं नाही, पण मला बदलायची नव्हती. हट्टच समजा.

महामार्गावर नेहमीसारखंच काम चाललेलं, टेम्पो उड्या मारत होता. मग ग्रामसभेत तक्रार करणारीने डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली आणि पहिला तुकडा मला दिला. साहेबांच्या गटातला एक जण म्हणाला की सात वर्षांत आपण पहिल्यांदा एका गाडीतून चाललोय. काका म्हणाले की गाडी आपली असती तर आधीच गेलो असतो. त्यावर सगळे हसले आणि हसता हसता मला भरून आलं. वाऱ्यामुळे डोळ्यांत धूळ गेली असं मी सांगितलं. कोणाला पटलं नाही.

हॉलच्या दारात साहेब आणि शेठ दोघंही उभे होते, खादी कडक, निरीक्षकांच्या दोन बाजूंना. टेम्पो आत वळला तेव्हा त्यांना वाटलं मंडपाचं सामान आलं. मग फळी खाली पडली आणि एकेक जण उतरायला लागला. गुडघ्यापर्यंत राखाडी चिखल, केसांत पेंढा. साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं, आत घ्यायला विसरले. शेठ काकांना म्हणाले, अहो, तुम्ही कसे, आज तर उधाण. काका म्हणाले, व्हय, हाय ना, आता फुल भरती हाय, म्हनून तर रिकामे हाओत. आणि चिखलाच्या पायांनी गालिच्यावरून आत गेले.

मी त्यांच्या मागे गेले. खरं सांगते, आयुष्यात मी इतकी घाणेरडी कधी नव्हते आणि इतकी ताठ कधी चालले नव्हते.

हॉल अर्धा रिकामा होता. रुसलेले पेणवाले आणि रुसलेले रोहेकर आले नव्हते. नेत्यांनी त्यांची फिकीर केली नव्हती, खारेपाट नसला की उरलेले पुरे होतील असं धरलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण हे नेतेमंडळींना कोण सांगणार. निरीक्षक मुंबईचे, चष्मेवाले, कंटाळलेले गृहस्थ. आमच्याकडे बघून ते पहिल्यांदा सरळ बसले. त्यांनी नियम वाचून दाखवला. हात वर करून मतदान, हजर सदस्यांत ज्याला जास्त मतं तो उमेदवार, उमेदवार स्वतः सदस्य असतील तर त्यांनाही मत.

साहेबांच्या एका माणसाने सुनेचं नाव सुचवलं. टाळ्या झाल्या. आणखी कोणी, असं निरीक्षकांनी विचारलं. काका उठून उभे राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, नवऱ्याचं, सासऱ्यांचं, आडनाव, गावासकट पूर्ण नाव, गावकीत वारसाचं नाव घेतात तसं. सात वर्षं ज्या तोंडाने मला हाक मारली नव्हती त्या तोंडून माझं पूर्ण नाव ऐकलं आणि मी चिखलाचा पदर सारखा केला. शेठ त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी कुजबुजायला लागले. काकांनी त्यांचा हात खांद्यावरून अलगद काढून ठेवला.

आधी सुनेसाठी हात. निरीक्षकांनी बोट फिरवत मोजले. अकरा. साहेबांनी परत मोजायला लावले. अकराच. त्यांच्या कपाळावर आठी आली, कारण त्यांच्या हिशोबाने बारा व्हायला हवे होते. बारावा हात पहिल्या रांगेत, त्यांच्या सुनेच्या मांडीवर होता.

मग माझ्यासाठी. काका, तक्रारवाली, आमचे उरलेले सगळे, असे आठ. मी तेवढेच धरले होते. पण मागून माझ्या माहेराकडचे दोन वालवाले शेतकरी, शेठच्या डोळ्यांसमोर, हात वर करून उभे राहिले. त्यांतला एक म्हणाला, आमची लेक हाय ती. आणि पेण शहरातली एक बाई, जिच्याशी मी कधी चार शब्दांच्या वर बोलले नव्हते, तिनेही हात वर केला. का केला ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. मोजणी झाली. अकरा.

अकरा आणि अकरा. हॉलमध्ये एकदम गलका झाला. साहेब उठून बोलायला लागले की समसमान मतं पडली, तेव्हा निर्णय वरिष्ठांवर सोडू. शेठनी लगेच अनुमोदन दिलं. त्या दोघांचं इतकं जमलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. वरिष्ठांवर सोडणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. वर कोणाचा फोन जातो आणि कोणाचा उचलत नाहीत, हे एकोणीस वर्षांत मी शिकले होते.

निरीक्षकांनी हाताने गप्प केलं. म्हणाले, अजून दोन मतं राहिलीत. आणि सुनेकडे वळून विचारलं, मॅडम, तुमचा हात?

ती उभी राहिली. सासऱ्यांकडे तिने बघितलं नाही. "माझा कोणालाच नाही," ती म्हणाली आणि बसली.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी बसून राहिले. आज विचार केला तर नवल वाटतं, पण मी खरंच बसून राहिले. एकोणीस वर्षं मी हात वर केला तो साहेबांसाठी, शेठसाठी, त्यांच्या भावांसाठी, पुतण्यांसाठी, ठरावांना, अभिनंदनांना, श्रद्धांजल्यांना. स्वतःसाठी करायचा हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. आपलं नाव आपण घेतलं की बाई हावरी दिसते, असं आईने सांगितलं होतं, सासूने सांगितलं होतं, पक्षाने तर न सांगताच पाळायला लावलं होतं. मांडीवरच्या हाताकडे बघितलं. कोपरापर्यंत चिखल वाळून भेगा पडल्या होत्या.

काका पुढे बघत म्हणाले, "कर गो वर."

मी केला.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. माहेरच्या त्या दोघांनी मारलेली शिट्टी. तक्रारवालीने मला मारलेली मिठी. शेठ साहेबांना म्हणत होते की ही भरतीची आयडिया तुमची, आणि साहेब शेठना म्हणत होते की तुमची, म्हणजे पक्ष पुन्हा मूळपदावर आला. निवडणूकही पुढे झाली. ती मी जिंकले, गुलाल उडाला, त्याच दोघांनी माझ्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढले. पण मला विचाराल तर मी निवडून आले ती कासूला, त्या लग्नाच्या हॉलमध्ये, एका मताने, आणि ते मत माझं होतं.

निरीक्षकांनी आकडा लिहिला, सही केली आणि वर बघून म्हणाले, ताई, मोजून झालं, आता हात खाली घेतलात तरी चालेल. मला ऐकू आलं होतं. मी तो आणखी थोडा वेळ तसाच वर ठेवला.